आपला हाय का जी?

दिवाळी अंकाला मजकूर द्यायचा म्हणजे माणसाला श्रावणातच दिवाळी साजरी करावी लागते. बाहेर धानाच्या बांध्यांत पाणी साचलेले असते, रोवणी नुकतीच आटोपलेली असते, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि अशा वेळी संपादकांचे पत्र येते की, आपला नेहमीचा खुसखुशीत मजकूर महिनाअखेरपर्यंत हाती यावा. चकली खुसखुशीत व्हावी म्हणून काय करतात, ते आमच्या घरात मी सोडून सर्वांना ठाऊक आहे. पिठात कडकडीत तेलाचे मोहन घालतात. मजकुराला कशाचे मोहन घालावे, हे मात्र मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि वीस वर्षे तोच विषय शिकवणाऱ्या माणसालाही कोणी सांगितलेले नाही. तरी हे पान दरसाल निघते, आणि दोन-चार वाचक पत्रे पाठवून ते बरे असल्याचे कळवतात. हे मोहन मी आजवर कोठून आणत होतो, ते ह्या खेपेला सांगून टाकायचे ठरवले आहे. ठरवले आहे म्हणजे, ठरवणे भाग पडले आहे.

नव्या वाचकांसाठी आमच्या मौद्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. नागपुराहून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले की पस्तीसेक किलोमीटरांवर कन्हान नदी लागते, नदीवरचा पूल लागतो आणि मौदा लागते. तालुक्याचे गाव. भोवताली धान. पलीकडे औष्णिक वीजकेंद्राची धुराडी. मधून कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग. पूर्वी त्याला सहा नंबरचा रस्ता म्हणत, आता त्रेपन्न नंबरचा म्हणतात. नंबर बदलला तरी ट्रक तेच राहिले. हे ट्रक अधूनमधून उलटतात आणि त्यामुळे आमचे गाव वर्तमानपत्रात येते. पण ते एकटे कधी येत नाही. एखाद्या शब्दयोगी अव्ययाच्या आधारानेच येते. 'मौद्याजवळ अपघात', 'मौद्यानजीक वाहतूक ठप्प'. मौद्यात काही घडले असे छापून आलेले मी फार थोड्या वेळा वाचले आहे. जे काही घडते ते आमच्याजवळ घडते.

ह्या गावात बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सलून आहे. आरसा लांबलचक, पण एका कोपऱ्यात तडकलेला, खुर्च्या दोन. त्यांपैकी दुसऱ्या खुर्चीचे यंत्र बिघडलेले असल्यामुळे तिच्यावर बसलेला माणूस कटिंग संपेपर्यंत दोन इंच खाली उतरतो. मी नेहमी त्याच खुर्चीवर बसतो. सलूनच्या मालकांना सारे गाव 'भाऊ' म्हणते, मीही म्हणतो. त्यांचे खरे नाव इथे येणार नाही. का येणार नाही ते पुढे कळेल. साठीच्या अलीकडचे वय, शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि मॅट्रिकलाच थबकलेले. पहाटे पाचला उठून दुकान झाडायचे आणि पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी नागपूरची वर्तमानपत्रे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायची, हा त्यांचा नेम. मराठी दोन येतात, हिंदी एक येते. इंग्रजी 'हितवाद'ही येतो. तो भाऊंना वाचता येत नाही, पण १९११ सालापासून निघत असल्यामुळे, "जुना मानूस हाय, त्याले दाराहून वापस कसा पाठवाचा?" असे त्यांचे म्हणणे पडते.

सकाळी वाचलेल्या ह्या साऱ्या मजकुरावर भाऊ मग दिवसभर बोलतात. व्याख्यान देत नाहीत. कात्री चालू असते, समोर रेडिओ चालू असतो, गिऱ्हाईक पेंगत असते, आणि मधेच कात्री थांबते. कात्री थांबली की समजावे, मत येत आहे. मत एका वाक्याचे असते. ते बोलून झाले की कात्री पुन्हा सुरू होते, आणि त्यावर चर्चा करायची असेल तर ती बाकावरच्या मंडळींनी आपापसात करायची असते. भाऊंचे त्यात काही काम नसते.

त्यांची मोजपट्टी एकच. कोणाचेही नाव निघो, मग तो मंत्री असो, नट असो की खेळाडू, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आपला हाय का जी?" ह्यात जातीपातीचा संबंध नसतो आणि जिल्ह्याचाही फारसा नसतो. माणसे तीन प्रकारची, असे भाऊ मानतात. एक आपला, एक आपल्यासारखा, आणि एक पाहुणा. पाहुण्याचा अपमान करायचा नाही, पण त्याच्या यशाने मिठाईही वाटायची नाही.

उमेश यादवचेच घ्या. तो आपला, ह्यात वादच नाही. नागपूरच्या पलीकडे खापरखेड्याजवळ वलनीची कोळसाखाण आहे. तिथल्या खाणकामगाराचा हा मुलगा. विशीला टेकेपर्यंत टेनिसच्या चेंडूने खेळला, पोलीस शिपायाच्या भरतीत त्याची निवड झाली नाही, आणि २०११ साली तो भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला हा पहिला गडी. पुढे त्याने ५७ कसोटींत १७० बळी घेतले. ह्यावर भाऊंचा अभिप्राय असा: "त्याले पोलिसात ज्यानं नाई घेतला न, त्या सायबाचा एक सत्कार घ्या जी नागपुरात. देशाले बॉलर त्यानं देल्ला."

हे वाक्य वाचकांपैकी काहींना ओळखीचे वाटेल. त्याकडे मी येणारच आहे.

क्रिकेटच्या बाबतीत भाऊंचा अधिकार मोठा आहे, कारण ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी ते नागपूरच्या जुन्या मैदानावर हजर होते. विश्वचषकाचा सामना, भारत आणि न्यूझीलंड. चेतन शर्माने त्या दिवशी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक, आणि तिन्ही गडी त्रिफळाचीत. मग सुनील गावस्कर फलंदाजीला आला आणि त्याने ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्याचे हे एकुलते एक शतक. एवढ्या सगळ्यातून भाऊंना नीट आठवतात ती उडालेली तीन यष्टींची त्रिकुटे आणि शेजारी बसलेला एक अनोळखी माणूस, ज्याने आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्यांना दिली. "गावस्कर मुंबईचा, शर्मा पंजाबाकडचा. पन पोयी देनारा आपला होता," असे ते सांगतात आणि कात्री चालू करतात.

विदर्भाने रणजी करंडक जिंकला तेव्हा मात्र ह्या मोजपट्टीची कसोटी लागली. विदर्भाचा संघ साठेक वर्षे रणजीत खेळत होता आणि त्या साठ वर्षांत आमच्याकडच्या लोकांनी निकाल वाचण्यापेक्षा न वाचण्याचीच सवय लावून घेतली होती. १ जानेवारी २०१८ रोजी इंदुरात आम्ही दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. कर्णधार फैज फजल आपला. अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आपला. पण प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, आणि वसीम जाफर तर मुंबईचा नावाजलेला सलामीवीर. तेव्हा बाकावर मोठी चर्चा झाली. पुढच्याच हंगामात जाफरने चाळिशी ओलांडलेली असताना हजारावर धावा काढल्या आणि नागपुरात सौराष्ट्राला हरवून करंडक पुन्हा आमच्याकडे राहिला. अखेर भाऊंनी निकाल दिला: "जो आपल्या पंगतीत बसून वरन-भात जेवला, तो आपला. सरकारी दाखला थोडी पायजे!"

२०२५ साली तिसऱ्यांदा करंडक आला. समोर केरळ होते, सामना जामठ्याला. दानिश मालेवार ह्या नागपूरच्या एकवीस वर्षांच्या मुलाने १५३ धावा काढल्या, हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला, आणि सामना अनिर्णित राहूनही पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर आम्ही जिंकलो. करुण नायर मूळचा कर्नाटकाचा. त्याने अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ काढल्या आणि नंतर तो परत आपल्या कर्नाटकाकडे गेला. बाकावरचा एक तरुण त्यामुळे नाराज होता. भाऊ त्याला म्हणाले, "जेवून गेला त गेला. ताट त आपल्याच घरचं होतं न बाप्पा!" पण त्या सामन्यातले त्यांचे मला सर्वांत आवडलेले मत विदर्भाविषयी नव्हतेच. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला. तो टिकता तर करंडक कदाचित तिकडे गेला असता. भाऊंनी रेडिओ बारीक केला. "तो मौद्यावरून गेला त सांगजा," ते म्हणाले, "त्याची कटिंग फुकट."

आता नट मंडळींकडे वळू. अमिताभ बच्चन नागपुरात आले होते ते 'झुंड' चित्रपटासाठी. नागराज मंजुळे ह्यांचा हा चित्रपट मार्च २०२२ मध्ये पडद्यावर आला. मूळ गोष्ट नागपूरचीच. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे ह्यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली आणि त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. चित्रपटातली पोरेही बरीचशी नागपूरचीच होती. चित्रीकरण चालू होते त्या दिवसांत आमच्या गावातले निम्मे तरुण 'मी बच्चनला पाहिला' असे सांगत असत, आणि उरलेले निम्मे 'मी त्याच्याजवळ उभा होतो' असे सांगत. भाऊ गेले नाहीत. चित्रपट मात्र त्यांनी पाहिला आणि मत दिले ते बादलीविषयी. "बच्चन चांगला मानूस हाय, पाहुना हाय. पन ते बादली आपली हाय. तसली फुटकी बादली आपल्या घरोघरी हाय, अन् तिले लात मारनारे पोट्टेबी घरोघरी हायेत. बारसे सर घरोघरी नाई, हे दुख हाय."

नटाविषयी त्यांची आवड वेगळीच आहे. दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भात गावोगाव मंडई भरते. धान निघालेले असते किंवा निघायला आलेले असते, हातात थोडा पैसा असतो, दिवसा बाजार आणि दंडार, खडीगंमत; आणि रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे ठाणे आहे. तिथून निघालेली नाटके होळीपर्यंत गावागावांत फिरतात, रात्री सुरू होतात आणि पहाटे संपतात. ह्याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा भाऊंनी त्यांचा छापील फोटो आरशाच्या तडकलेल्या कोपऱ्यावर चिकटवला. फोटोने तडा झाकला गेला, हा दुसरा फायदा. त्या दिवशी ते म्हणाले होते: "मुंबईच्या नटाची परीक्षा तिकिटाच्या खिडकीवर होते जी. आपल्या नटाची परीक्षा होते पहाटे तीनले. थंडी पडते, पब्लिक घोंगडीत घुसते, लेकरं झोपून जाते. तवा जो मानूस पब्लिकले घोंगडीतून तोंड बाहेर काढाले लावते, तो नट."

मी त्या रात्री घरी येऊन हे वाक्य वहीत उतरवून ठेवले.

स्थानिक बातम्यांत भाऊंना हात घालायला फारसे आवडत नाही. गिऱ्हाईक सगळ्या पक्षांचे असते आणि हातात वस्तरा असतो, हे त्याचे कारण. पण २०२० च्या ऑगस्टअखेर कन्हानला महापूर आला तेव्हा मात्र ते सारखे बोलत होते. पेंच नदीवरच्या धरणांचे दरवाजे उघडल्यामुळे आमच्या तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. वर्तमानपत्रे सांगत होती, इतके हजार क्युसेक सोडले, इतके दलघमी साठले. टाळेबंदी थोडी सैलावलेली, तोंडाला फडके बांधलेले, दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक. मी बसलो होतो. भाऊंनी वर्तमानपत्र माझ्या मांडीवर ठेवले आणि विचारले, "सर, तुमी शिकले-सवरलेले. क्युसेक म्हंजे पुलाच्या खांबाले कुठपर्यंत, तेवढं सांगा." मला सांगता येईना. "मंग हे कोनासाठी छापलं जी?" कोणासाठी, ह्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि आजही नाही. नदीकाठच्या माणसाला रात्री निघायचे की थांबायचे एवढेच ठरवायचे असते, आणि त्याचे माप खांबावर असते.

विजेचेही असेच. आमच्या वीजकेंद्राची क्षमता २३२० मेगावॅट. पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनी २१ ऑगस्ट २०१४ रोजी त्याचा पहिला टप्पा राष्ट्राला अर्पण केला. एकदा ऐन सामन्याच्या शेवटच्या षटकात आमच्याकडची वीज गेली. बाकावरची मंडळी धुराड्यांच्या दिशेने हात करून ओरडू लागली. भाऊंनी अंधारात त्यांना गप्प केले. केंद्रात तयार झालेली वीज अतिउच्च दाबाच्या तारांनी आधी देशाच्या जाळ्यात जाते, अनेक राज्यांत वाटली जाते, आणि आपल्याकडे येते ती उपकेंद्रातून उतरत उतरत, निराळ्या वाटेने, हे मी विज्ञानाच्या प्राध्यापकांकडून ऐकले होते आणि सांगायच्या तयारीत होतो. भाऊंनी ते पाच शब्दांत उरकले: "विहीर आपली, दोर दुसऱ्याचा बावा." निकाल आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला.

तर हे माझे मोहन. गेली सहा वर्षे मी ह्या पानावर जी निरीक्षणे, जे विचार, जे चुटके 'सहज मनात आले' म्हणून लिहीत आलो, त्यांतले निम्मे दुसऱ्या खुर्चीवर बसून, दोन इंच खाली उतरता उतरता ऐकलेले आहेत. मी ते तसेच कधी लिहिले नाहीत. 'हाय'चे 'आहे' केले, 'काहून'चे 'का' केले, 'करून राहिला'चे 'करीत आहे' केले. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होती, इथे मराठी आणि हिंदी एकाच ओसरीवर वाढल्या, त्यामुळे आमच्या क्रियापदांना ही वळणे पडली, असे मी वर्गात अभिमानाने शिकवतो. आणि घरी येऊन तीच वळणे इस्त्रीने मोडतो. पुण्याच्या एका स्नेह्यांनी त्या पहाटे तीनच्या वाक्याबद्दल मला लांब पत्र लिहिले होते. 'अलीकडच्या लेखनात इतकी सहजता दुर्मिळ,' असे त्यात होते. पत्र मी जपून ठेवले आहे. त्याला उत्तर लिहून आभारही मानले आहेत.

गेल्या वर्षीचा दिवाळी अंक कोणीतरी सलूनात आणला. मी दुसऱ्या खुर्चीवर होतो, मानेला फडके गुंडाळलेले, अर्धे डोके झालेले. म्हणजे पळून जाण्याची सोय नव्हती. बाकावर आमच्याच महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी बसला होता. त्याने "सरचा लेख आला" म्हणून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मुलाचे वाचन चांगले होते. मीच शिकवलेला. पोलिसातल्या साहेबाच्या सत्काराचे वाक्य आले. मग पहाटे तीनचे वाक्य आले: 'तेव्हा माझ्या मनात सहज विचार आला की, नटाची खरी परीक्षा पहाटे तीन वाजता होत असते.' बाक हसला. कात्री थांबली.

कात्री बराच वेळ थांबलेली होती. मत काही येईना. मी आरशात भाऊंकडे पाहिले नाही. खुणे ह्यांच्या फोटोकडे पाहत राहिलो. मुलाने लेख संपवला, अंक मिटला, 'मस्त हाय सर' म्हणाला आणि निघून गेला. मग भाऊंनी उरलेले अर्धे डोके केले. मान झटकली, फडके काढले, पावडर लावली. मी पैसे काढले तेव्हा ते म्हणाले, "तुमी माहं बोलनं नेलं त नेलं, सर. त्याचा राग नाई. बोलनं काई कोनाच्या बापाचं नसते. पन त्याची दाढी काहून केली? दाढी कराचं काम माहं हाय."

मी काय बोलणार? चुकलो म्हणालो. नाव छापतो म्हणालो, मानधनातला वाटा देतो म्हणालो. मानधनाचा आकडा ऐकून ते प्रथमच हसले. नावाला त्यांनी साफ नकार दिला. नाव छापले तर उद्यापासून प्रत्येक गिऱ्हाईक आपल्याकडे वाक्याच्या आशेने पाहील आणि धंदा बसेल, असे त्यांचे म्हणणे. एवढेच कबूल करून घेतले की पुढच्या खेपेला त्यांचे बोलणे त्यांच्या तोंडचे म्हणून आणि त्यांच्या तोंडात होते तसे द्यायचे. हा लेख म्हणजे त्या कराराची फेड. वर जे आले आहे ते तसेच आले आहे. संपादकांनी कृपा करून त्यावर लेखणी चालवू नये.

आणि ह्यात एक अजून सांगायचे आहे. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय एकोणीस. समोर कोनेरू हंपी, जी २००२ साली, म्हणजे दिव्याच्या जन्माच्याही आधी, ग्रँडमास्टर झालेली. दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्याने बाजी मारली. स्पर्धेला निघताना तिच्या नावावर ग्रँडमास्टर पदाचा एकही निकष नव्हता. परतली ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर होऊन. जिंकल्याबरोबर ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते चित्र सर्वांनी पाहिले. आईवडील दोघेही डॉक्टर. भाऊंनी ते चित्र कितीतरी वेळ पाहिले आणि ते म्हणाले, "आपली हाय. पन दाक्तरची पोर हाय. पटावर चौसट घरं रायते जी, अन् मौद्याच्या पोरीले त्यातलं एकबी घर नाई."

हा मजकूर पूर्ण झाल्यावर, करारात नसताना, मी तो घेऊन सलूनात गेलो आणि भाऊंना वाचून दाखवला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हते. बाकाच्या टोकाला दोन मुली काहीतरी खेळत बसल्या होत्या. भाऊंनी सारे ऐकून घेतले. करुण नायरच्या ताटाला हसले, पुराच्या वेळी मान हलवली. चौसष्ट घरांपाशी त्यांनी हात वर केला.

"हे मी नाई म्हनलो, सर."

मी म्हणालो, म्हणालात की, त्याच दिवशी, इथेच.

"नाई जी. वाक्य लय चांगलं हाय, पन माहं नाई. हे तुमचं हाय. माह्या तोंडात असं बसून येत नाई." मी वही उघडून पाहिली. त्या दिवसाच्या पानावर फक्त तारीख होती आणि 'भाऊ, दिव्या' एवढे दोन शब्द होते. बाकीचे मी केव्हा आणि कुठून भरले, मला आठवेना. सहा वर्षांत त्यांचे बोलणे माझ्या नावावर घेता घेता माझे बोलणे त्यांच्या नावावर चढवायलाही मी शिकलो होतो, आणि तेही 'रायते' आणि 'एकबी' घालून, झकास.

"मग तुम्ही काय म्हणालात त्या दिवशी?"

"काई नाई म्हनलो. दुकान बंद केलं, सीताबर्डीले गेलो, अन् ते आनलं." त्यांनी कात्रीने बाकाकडे दाखवले. तेव्हा कुठे मी नीट पाहिले. मुलींच्या मध्ये बुद्धिबळाचा पट होता. गेले वर्षभर तो तिथेच असणार, वर्तमानपत्रांच्या खाली किंवा वर, आणि मी त्याच्या शेजारी बसून वाक्याची वाट पाहत असणार. एक भाऊंची नात, दुसरी समोरच्या किराणा दुकानातली. पांढऱ्याचा एक उंट हरवलेला. त्याच्या जागी तुरटीचा खडा ठेवलेला होता.

"कोण जिंकते?" मी विचारले.

"ते किरान्यावाली. हे आपली कच्ची हाय अजून." मग त्यांनी फडके झटकले आणि दुसऱ्या खुर्चीकडे बोट केले. "बसा, आलेच त. कानामागं गंज वाढले तुमचे. अन् ते चौसट घराचं वाक्य काटू नका, रायू द्या. खाली तुमचं नाव टाका."